बुरूज मोजा, पण कशासाठी?

शास्त्रवाचन : स्तोत्र ४८, मार्क १२:४१ ते १३:२



गेला आठवडाभर इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. दोघातिघांनी काळजीने मेसेज करून विचारलं, त्यांचे आभार. सगळं ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे चौघं, म्हणजे मी, बायको, सात वर्षांची लेक आणि आई, गोव्याला गेलो होतो. आजचं मनन त्या प्रवासातूनच आलेलं आहे. थोडं लांब झालंय, आणि त्यात थोडं माझंही आहे. आधी शास्त्रभाग शांतपणे वाचून घ्या, मग पुढे चला.

पाहुण्यांच्या गावचे आपण

आम्हा संभाजीनगरकरांना पर्यटक काही नवे नाहीत. घरी कुणी नातेवाईक आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीत घालायचं आणि मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ असा फेरा मारून आणायचा, हा आपला ठरलेला कार्यक्रम. वेरूळचं कैलास लेणं मी किमान वीसदा पाहिलं असेल. खरं सांगायचं तर त्यातल्या पंधरा वेळा माझं लक्ष पार्किंगकडे आणि जेवायच्या वेळेकडे होतं.

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने कोरलेलं स्वतःचं नाव आहे. तारीख २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या माणसाला जंगलात ही लेणी दिसली आणि जगाला ती पुन्हा माहीत झाली. पण ते लेणं म्हणजे चैत्यगृह आहे, भिक्खूंची उपासनेची जागा. शेकडो वर्षांनी तिथे आलेल्या पाहुण्याने मागे काय ठेवलं, तर स्वतःचं नाव. शाळेच्या सहलीत हे ऐकून आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही. कारण हातात फोन घेऊन मीही जिथे जातो तिथे तेच करतो. खांबावर कोरत नाही एवढंच. ‘मी इथे होतो’ हे स्टेटसवर टाकतो.

बॉम जेझू

जुन्या गोव्याला आम्ही बुधवारी दुपारी पोहोचलो. आधी बॉम जेझू बॅसिलिका. १५९४ मध्ये पायाभरणी आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेली ही वास्तू. समोरचा दर्शनी भाग लालसर काळ्या जांभ्या दगडाचा, गिलाव्याशिवाय. पूर्वी त्याला गिलावा होता. गेल्या शतकाच्या मध्यावर तो काढला आणि आतला दगड उघडा पडला. दर्शनी भागावर वरच्या बाजूला आयएचएस ही अक्षरं कोरलेली आहेत, येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेलो. संतांचे अवशेष, मूर्ती हा आमच्या उपासनेचा भाग नाही. पण ते नाव वाचल्यावर आपण परक्या घरी आलोय असं वाटलं नाही.

आत गेल्यावर उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हानी फोजिनी या शिल्पकाराने घडवलेला, तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट म्हणून पाठवलेला. तो इथे १६९८ मध्ये उभा राहिला. त्यावरची चांदीची पेटी मात्र त्याच्या साठेक वर्षं आधीची, आणि ती गोव्याच्याच कारागिरांनी केलेली. दर दहा वर्षांनी ही पेटी खाली उतरवतात आणि मिरवणुकीने समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालं. आम्ही गेलो तेव्हा पेटी वर, आपल्या जागी होती.

मी हे सगळं मोबाइलवर वाचत होतो आणि लेकीला सांगत होतो. फोन उंच धरून पेटी झूम करत होतो. तेवढ्यात लेकीने माझा शर्ट ओढला आणि हळूच विचारलं,

“बाबा, इथं प्रार्थना केलेली चालते का? का फक्त बघायचं असतं?”

मी म्हणालो, “चालते की. पण आधी ते वर बघ, चांदीची पेटी.”

तिने वर पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर मिळालं नव्हतं हे मला कळलं, पण मागून एक मोठा ग्रुप आला, त्यांचा गाइड जोरात बोलू लागला, आणि आम्ही पुढे सरकलो.

बाहेर येऊन पाहतो तर आई नाही. परत आत गेलो. मागच्या एका बाकावर आई बसली होती, डोळे मिटून. तिच्या शेजारी एक गोव्याची म्हातारी, हातात जपमाळ, ओठ हलत होते. समोरून माणसांची रांग चालली होती, फोन चमकत होते, गाइड बोलतच होता. त्या म्हातारीला त्यातलं काही दिसत नव्हतं. गाडीत बसल्यावर आई एवढंच म्हणाली,

“ती बाई बघायला नव्हती आली रे. तिचं घर होतं ते.”

त्या रात्री हॉटेलवर फोनमधले फोटो मोजले. जुन्या गोव्याचे एकशे बारा. त्या एकशे बारा फोटोंच्या वेळात मी प्रार्थना किती केली, हे मोजायची गरज नव्हती.

स्तोत्र ४८ मधले तीन पाहणारे

झोप येईना म्हणून बायबल उघडलं. मनात एक स्तोत्र घोळत होतं, ज्यात चक्क फिरायला आणि बघायला सांगितलंय. ते हेच. आता ते नीट पाहू या. यात ‘पाहणं’ तीन वेळा येतं आणि प्रत्येक वेळी पाहणारे वेगळे आहेत.

पहिले पाहणारे राजे (वचन ४ ते ७). एकत्र जमून ते सीयोनेवर चालून आले. त्यांनी पाहिलं, थक्क झाले, घाबरले आणि पळून गेले. त्यांनी नगर पाहिलं हे खरं, पण त्यांचा त्या नगराशी संबंध नव्हता. पाहणं झालं, आणि जवळ येण्याऐवजी अंतर वाढलं.

दुसरे पाहणारे उपासक (वचन ८ आणि ९). ते म्हणतात, आम्ही जसं ऐकलं होतं तसंच पाहिलं. म्हणजे पाहायच्या आधी त्यांनी ऐकलं होतं, घरात, आईबापांकडून. आणि पाहून झाल्यावर ते लगेच बाहेर पडत नाहीत. मंदिराच्या आत थांबून देवाच्या दयेचा विचार करतात. बाकावर बसलेली आई मला इथे दिसली.

तिसरे पाहणारे म्हणजे आपण (वचन १२ आणि १३). इथे आज्ञा आहे. सीयोनेभोवती फिरा, तिला प्रदक्षिणा घाला, बुरूज मोजा, तटाकडे लक्ष द्या, वाडे नीट पाहा. वाचकहो, देवाचं वचन पर्यटनाच्या विरोधात नाही! डोळे उघडे ठेवा, दगड बघा, आकडे लक्षात ठेवा असं ते सांगतंय. माझ्यासारख्या आकडे आवडणाऱ्या इंजिनिअरला हे वाचून बरं वाटलं.

पण ही आज्ञा तिथे संपत नाही. पुढे ‘यासाठी की’ आहे. यासाठी की पुढच्या पिढीला तुम्ही सांगावं. काय सांगावं? बुरूज मोजून झाल्यावर आपली अपेक्षा असते की स्तोत्रकर्ता म्हणेल, बघा, हे आपलं नगर केवढं भक्कम! तो तसं म्हणत नाही. वचन १४ मध्ये तो बोट दाखवतो आणि म्हणतो की हा देव, हाच आपला देव, सदासर्वकाळचा, आणि शेवटपर्यंत वाट दाखवणारा. मोजले बुरूज, आणि हाती आला देव. जो मोजून नगरापाशीच थांबला त्याने वचन १३ पर्यंतच वाचलं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पाहुण्या युजरला ‘रीड-ओन्ली’ परवानगी देतो. त्याला सगळं दिसतं, पण त्याच्यावर काही सोपवलेलं नसतं. पर्यटक असाच असतो. स्तोत्र ४८ आपल्याला बघायला लावून मग हातात काम देतं : सांगा.

येशू काय पाहत होता

आता मार्कमधला भाग. शिष्य गालिलातले, गावाकडचे लोक. हेरोदाने वाढवलेलं ते यरुशलेमचं मंदिर पाहून त्यांच्यातला एक जण येशूला म्हणतो की गुरुजी, हे दगड बघा, या इमारती बघा! आपण गाइडला म्हणतो ना, अगदी तसं. येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. आणि इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडलंच.

पण अध्यायांची विभागणी मूळ लेखनात नव्हती, ती नंतरची आहे. म्हणून १३ व्या अध्यायाच्या जरा आधीपासून वाचा. त्याच मंदिरात, त्याच दिवशी, येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता. त्याला कोण दिसलं? एक गरीब विधवा, जिने दोन लहान नाणी टाकली आणि स्वतःची सगळी उपजीविका देऊन टाकली. त्याने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याबद्दल सांगितलं. आणि तिथून बाहेर पडता पडता शिष्य म्हणतात की हे दगड बघा.

एकच जागा. शिष्यांना दगड दिसले, येशूला ती बाई दिसली. मी पेटी पाहत होतो, आईने बाकावरची म्हातारी पाहिली. हे मला त्या रात्री वाचताना दिसलं आणि बराच वेळ पान उलटवलं नाही.

लेकीने मोजलेले बुरूज

दुसऱ्या दिवशी आम्ही परत जुन्या गोव्याला गेलो. बायकोला आधी नवल वाटलं, समुद्र सोडून पुन्हा चर्च? पण कारण सांगितल्यावर तीच पुढे निघाली. लेकीला काम दिलं : बुरूज मोज.

से कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये पुरं झालं. हे आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक. समोर उभं राहून लेक म्हणाली, “एकच आहे. दुसरा कुठंय?” बरोबर. पूर्वी दोन होते, एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या बुरुजात मोठी घंटा आहे, तिच्या गोड आवाजामुळे तिला सोनेरी घंटा म्हणतात.

मग टेकडीवर संत ऑगस्टीन चर्चचे अवशेष. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं भव्य चर्च. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवून दिल्यावर १८३५ मध्ये ते ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं, नंतर दर्शनी भागही पडला. सुमारे ४६ मीटर उंचीचा घंटेचा मनोरा होता, आज त्याचा अर्धा तुकडा तेवढा उभा आहे, आभाळात. जमिनीवर कबरींचे दगड, त्यांवरून गवत. लेकीने विचारलं, “हा एक धरायचा का अर्धा?”

साथींनी लोक मेले, राहिलेले निघून गेले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि एवढं मोठं शहर रिकामं झालं. स्तोत्र ४८ मधल्या यरुशलेमचंही तेच झालं होतं. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने ते बुरूज पाडले. मोजलेले बुरूज गेले, गाणं मात्र उरलं. कारण कुणीतरी ते पुढच्या पिढीला शिकवलं होतं.

आणि ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटा? ती गेली नाही. काही वर्षं ती आग्वादच्या दीपस्तंभावर होती, आणि १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे, त्या पांढऱ्या नागमोडी जिन्याच्या चर्चमध्ये. मनोरा पडला, घंटा दुसऱ्या घरी वाजते आहे. संध्याकाळी पणजीत त्या जिन्याखाली उभं राहून मी लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे पूर्ण एक धरायचा.”

घंटेवरून अजून एक गोष्ट. ज्यांच्या चांदीच्या पेटीकडे मी फोन धरला होता ते झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. गोव्यातल्या त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची आठवण सांगतात ती अशी, की हातात छोटी घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरायचे आणि लेकरांना, गुलामांना धर्मशिक्षणाला बोलवायचे. पेटी पाहायला जग येतं. मला मात्र आता ती छोटी घंटा जास्त जवळची वाटते. पुढच्या पिढीला सांगण्याचं काम, दुसरं काय!

खरं ते सगळं सांगा

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. मोजायचं तर सगळं मोजावं लागतं. याच जुन्या गोव्यात, कॅथेड्रलच्या परिसरात, इन्क्विझिशनचं कार्यालय होतं. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं, इथे श्रद्धेच्या नावाने माणसांना तुरुंगात टाकलं, छळलं, काहींना जाळलं. ती इमारत आज नाही. येशूचं नाव दगडावर कोरलेलं असताना त्याच्या शेजारी हे झालं.

हे लेकीला आत्ताच सगळं सांगितलं नाही. पण लपवणार नाही. स्तोत्र ७८ मध्येही पुढच्या पिढीला सांगायची आज्ञा आहे, आणि तिथे देवाच्या महत्कृत्यांबरोबर वाडवडिलांचा हट्टीपणाही सांगायला लावलाय, मुलांनी तसं होऊ नये म्हणून.

आणि याच भूमीत दुसरीही गोष्ट घडली. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकले, तिच्या प्रेमात पडले, आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. रोमन लिपीत, पण आपल्या मराठीत. दडपशाहीने माणसं घाबरली. ओवी मात्र लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. सांगायची पद्धतही मोजली जाते, वाचकहो.

चावी

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

आमची मंडळी लहान आहे. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, बुरूज वगैरे काही नाही. आमचं घराणं मूळ जालन्याकडचं. तिथे एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल वसवलं, त्याच्या गोष्टी पप्पा आम्हाला लहानपणी सांगायचे. या लहान चर्चची चावी बावीस वर्षं पप्पांकडे होती. दर रविवारी ते सगळ्यांच्या तासभर आधी जायचे, कुलूप काढायचे, झाडायचे, खुर्च्या लावायचे, आणि उपासना सुरू झाली तरी दारातच उभे राहायचे, उशिरा येणाऱ्याला जागा दाखवायला. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पा कोविडने गेले. अकरा दिवस ते आत होते आणि मी बाहेर, गाडीत बसून प्रार्थना करत होतो. मी आयुष्यात तेवढी प्रार्थना कधी केली नव्हती. पुढचं तुम्हाला कळलंच.

चावी आमच्या घरी फ्रिजशेजारच्या खिळ्यावर तीन महिने तशीच होती. पाळकसाहेब एकदा घरी आले आणि म्हणाले, आता तू सांभाळ. मी म्हणालो की माझे रात्रीचे कॉल असतात, रविवारी सकाळी जमणार नाही. कॉल असतात हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. ते दार उघडायला माझे हात तयार नव्हते. ज्याने माझं ऐकलं नाही त्याच्या घराचं कुलूप मी का काढू, असं आत कुठेतरी बसलं होतं. मी चावी परत दिली.

तेव्हापासून मी मागच्या रांगेत बसतो. उशिरा जातो, शेवटच्या गीताला उठतो, चहाला थांबत नाही. कधी घरूनच मोबाइलवर उपासना बघतो. ‘बघतो’ हाच शब्द बरोबर आहे. आणि तरी रोज सकाळी इथे तुम्हाला वचन समजावून सांगत आलोय. त्यात खोटं काही लिहिलं नाही, पण माझ्या स्वतःच्या मंडळीत चार वर्षं मी पर्यटक आहे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय. लेकीने बॉम जेझूमध्ये जे विचारलं, ते तिला तिथे सुचलेलं नाही. दर रविवारी मला पाहूनच ती ते शिकली असणार. चर्चमध्ये फक्त बघायचं असतं.

त्या रात्री स्तोत्र ४८ चं शीर्षक पुन्हा पाहिलं. कोरहाच्या वंशजांचं स्तोत्र. कोरह मोशेविरुद्ध उठला आणि नाश पावला, पण गणना २६:११ सांगतं की त्याचे मुलगे मेले नाहीत. त्या घराण्याकडे पुढे काय काम आलं? १ इतिहास ९:१९ पाहा : मंडपाच्या उंबरठ्याची राखण. ते द्वारपाल झाले. आणि त्याच अध्यायात २७ व्या वचनात द्वारपालांचं काम लिहिलंय की ते देवाच्या घराभोवती मुक्काम करत, आणि रोज सकाळी ते उघडण्याची जबाबदारी त्यांची असे.

रोज सकाळी उघडण्याची. सीयोनेचे बुरूज मोजा असं म्हणणारं गाणं चावीवाल्यांच्या घराण्यातून आलंय. मी हे स्तोत्र किती वेळा वाचलंय, पण हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. देवावर रागावलेल्या बापाच्या पोटी जन्मलेल्यांना देवाने दारावर उभं केलं. मग बापाच्या मरणामुळे देवावर रागावलेल्या मुलालाही तो दारातून हाकलणार नाही, असं मला वाटलं. बऱ्याच दिवसांनी मी प्रार्थना केली. फार सुंदर वगैरे नव्हती. बरीचशी तक्रारच होती. पण ती त्याच्याशी केलेली होती.

परत आल्यावर

गोव्याहून येताना कोल्हापूरच्या पुढे आई म्हणाली, “तुझ्या पप्पांना ते चर्च दाखवलं असतं तर त्यांनी आधी दाराच्या बिजागऱ्या बघितल्या असत्या. आणि विचारलं असतं, हे सकाळी उघडतं कोण?” आम्ही सगळे हसलो. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

रविवारी मी लवकर गेलो. चावी मागायला नाही. चार वर्षांपासून एक तरुण मुलगा ते काम करतो आणि मनापासून करतो, त्याच्याकडून ती घेण्याचा मला काही हक्क नाही. मी फक्त विचारलं, खुर्च्या लावायला येऊ का? तो म्हणाला, “या की दादा, झाडू तिकडं आहे.”

लेक बरोबर होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “इथं बुरूजच नाही, मग मोजायचं काय?” मी म्हणालो, खुर्च्या मोज. तिने मोजल्या, चौसष्ट. “यातली आजोबांची कुठली?”

मी तिला दारात घेऊन गेलो आणि उंबरठा दाखवला. म्हणालो, आजोबा बसायचे नाहीत, इथे उभे राहायचे. मग तिला पप्पांबद्दल सांगत राहिलो, चावीबद्दल, आणि ते कुलूप काढताना काय पुटपुटायचे त्याबद्दल. पहिले लोक येईपर्यंत सांगत होतो. पेत्र आपल्या पत्रात (१ पेत्र २:५) आपल्याला जिवंत दगड म्हणतो. एक दगड दुसऱ्यावर टेकतो, तशी एक पिढी आधीच्या पिढीच्या सांगण्यावर टेकलेली असते. मधला दगडच काढून घेतला तर वरच्याने कशावर उभं राहायचं?

मनन करा

१. तुम्ही तुमच्या मंडळीत कुठे उभे आहात : राजांसारखे दुरून पाहताय, उपासकांसारखे आत थांबताय, की पुढच्या पिढीला सांगताय?

२. गेल्या रविवारी तुम्हाला तिथे काय दिसलं, इमारत, कार्यक्रम, की दोन नाणी टाकणारी एखादी व्यक्ती?

३. तुमच्या घरात कुणाची अशी एखादी ‘चावी’ खिळ्यावर टांगून राहिली आहे का? ती नाकारण्याचं खरं कारण देवाला सांगितलंय का?

४. या आठवड्यात एका लहान मुलाला बसवून तुमच्या आईवडिलांच्या विश्वासाची एक खरी गोष्ट सांगा.

प्रार्थना

प्रभू येशू, आम्ही तुझ्या घरात पाहुण्यासारखे येतो आणि पाहुण्यासारखे निघून जातो, आम्हाला क्षमा कर. जिथे आम्हाला दगड दिसतात तिथे तुला माणसं दिसतात, तुझे डोळे आम्हाला दे. ज्यांच्या मनात तुझ्याबद्दल न बोललेली तक्रार आहे त्यांना ती तुझ्यापाशीच आणायचं धैर्य दे. ज्यांनी आमच्यासाठी दार उघडून ठेवलं त्यांच्याबद्दल तुझे आभार. आता आमच्या लेकरांसाठी दार उघडायला आम्हाला लवकर उठव. आमेन.

उद्याचं वाचन : स्तोत्र ८४. दहाव्या वचनात कोण उंबरठ्यावर उभं आहे ते नक्की पाहा.